छेदातून गळलेली मुलगी

१

मंगळवारी सकाळी साडेसात वाजता ट्रेनिस ग्लॅपियन शाळेच्या ऑफिसात माझ्या टेबलासमोर उभी राहून सॉसेज घातलेलं बिस्किट, म्हणजे आमच्याकडचा मऊ पाव, खात होती, आणि त्याच वेळी ती ह्यूस्टनला राहायलाही गेलेली होती. पहिली गोष्ट मला डोळ्यांनी दिसत होती. दुसरी कॉम्प्युटर सांगत होता.

"मिस क्लॉडेट, माझा गाऊन कुठाय?"

पदवीदान समारंभ शनिवारी होता. गाऊनची खोकी आदल्या संध्याकाळी आली होती. बारावीत मुलं चव्वेचाळीस आणि गाऊन त्रेचाळीस. दुकानदाराला मनातल्या मनात चार शब्द ऐकवून मी फोन लावला, तर तो म्हणाला, काल दुपारीच तुमच्या ऑफिसातून मेल आली, एक कमी करा म्हणून. मग मी कॉम्प्युटरवर तिचं नाव काढलं.

"बाळा," मी म्हटलं, "तू शाळा सोडलीस. ह्यूस्टनला गेलीस."

"मी? कधी?"

"चार मार्चला. तुझी आई स्वतः ऑफिसात येऊन सही करून गेली म्हणे."

"आणि मला कुणी बोललंही नाही." तिने बिस्किटाचा घास गिळला. "बरी आहे ना मी तिकडे?"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. ट्रेनिस ही अशीच. आमच्या बँडमध्ये ती सूझाफोन वाजवते, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं ते भलंमोठं पितळी वाद्य, आणि मैलच्या मैल चालून वर विनोद करायलाही तिच्यात दम उरतो. मार्डी ग्रा हा आमच्या शहराचा मोठा सण यंदा उशिरा, मार्चात आला, तेव्हाच्या मिरवणुकीतला आमचा दोघींचा फोटो माझ्या टेबलावर आहे. ती वाजवतेय आणि मी शेजारून नाचत चाललेय, वयाला न शोभेलसं.

मग तिने दप्तरातून एक पत्र काढलं आणि माझं हसू थांबलं. इलेक्ट्रिशियनांच्या युनियनने तिला शिकाऊ म्हणून घेतलं होतं. चारशे अर्जांतून बारा जण. कामावर हजर व्हायचं नऊ जूनला आणि येताना बारावीचं प्रमाणपत्र आणायचं. ते नसलं तर जागा पुढच्या माणसाला.

"मिस क्लॉडेट, जी मुलगी ह्यूस्टनला आहे, तिला इथलं प्रमाणपत्र मिळतं का हो?" तिने विचारलं. आता तिच्या आवाजात विनोद नव्हता.

मी कपाट उघडून तिची फाइल काढली. शाळा सोडल्याचा अर्ज होता. आईची सही होती. 'प्राप्त, ४ मार्च' असा शिक्का होता, तोही माझाच. आणि सगळा अर्ज जांभळ्या शाईने भरलेला होता. अख्ख्या इमारतीत जांभळ्या शाईचं पेन एकच. ते माझ्या टेबलाला सुतळीने बांधलेलं आहे.

२

आमची बेलफोंतेन अकादमी ही सनदी शाळा. सरकार पाच वर्षांची सनद देतं, शाळा स्वतःच्या पद्धतीने चालवायची, निकाल दाखवायचा, की सनद पुढे चालू. न्यू ऑर्लीन्समध्ये वीस वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळानंतर जवळजवळ सगळ्याच शाळा अशा झाल्या. शाळाही पालकांनी निवडायची असते, त्यामुळे जाहिरात आलीच. आमची जाहिरात सेंट क्लॉड रस्त्यावर, फाटकाशी, आतून दिवे असलेल्या पाटीवर आहे: 'आमचे पदवीधर कॉलेजात: १००%'. त्यातल्या एकाच्या आकड्यामागची नळी नाताळापासून गेलेली आहे. त्यामुळे ढगाळ दिवशी पाटी '००%' अशी पेटते आणि समोरचा स्नोबॉलवाला, म्हणजे बर्फाचे गोळे विकणारा मुलगा, बर्फ किसताना आम्हाला हात करतो.

मुख्याध्यापिका मिसेस लाकूर यांनी अर्ज वाचला, पेनाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"क्लॉडेट, हे काय आहे?"

"मला काय माहीत? मी भरलेला नाही."

"पेन तुझं. शिक्का तुझा. कपाटाची किल्लीही तुझ्याचकडे."

"किल्ली कपाटावरच्या डब्यात असते, हे शाळेतल्या उंदरालाही ठाऊक आहे," मी म्हटलं.

खोलीत आणखी दोघं होते. एक समुपदेशक मिस्टर डुप्लेसी. आमच्याच वॉर्डातले, मुलांना कॉलेजचे अर्ज भरायला लावणं हे त्यांचं काम. ते गेले तीन आठवडे ट्रेनिसला 'निदान एका कॉलेजात तरी अर्ज टाक, मग जाऊ नकोस' म्हणून विनवत होते आणि ती 'जायचं नाही तर टाकू कशाला' म्हणत होती. दुसरे ब्रेंट होल्कम. ईस्टरनंतर मिनेसोटाहून आलेले, हुद्दा यशमापन संचालक. दिसायला छान, बोलायला नम्र. हातात कायम आलेख. पाटीवरच्या एकाच्या आकड्याची नळी बदला म्हणून त्यांनी मला चार चिठ्ठ्या पाठवल्या होत्या.

"भावना बाजूला ठेवू," होल्कम म्हणाले. "नोंदीनुसार मुलगी एक एप्रिलच्या पटावर नाही. आणि देणगीदारांकडे जाणारा अहवाल त्याच पटावरून निघतो."

"नोंदीनुसार," दारातून आवाज आला, "मीसुद्धा वीस वर्षांपूर्वीच या शाळेतून गेलेली आहे. तरी आले बघा."

मिस यूलाली. वय चौऱ्याहत्तर, हातात छत्री, पिशवीत पेकान या अक्रोडासारख्या मेव्याच्या वड्या. याच इमारतीत, शाळेचं नाव वेगळं होतं तेव्हा, त्यांनी मला सातवीचं गणित शिकवलं. वादळानंतर शहरातल्या सगळ्या शिक्षकांना घरी बसवलं, त्यात याही बसल्या. आता कुणी रजेवर गेलं की बदली म्हणून येतात. त्यांना काहीही सांगा, निम्मी दुकानं बंद आहेत म्हणा, सगळे लोक म्हणतात म्हणा, त्या एकच विचारतात: "छेद काय?" म्हणजे किती पैकी, ते सांगा.

त्यांनी अर्ज हातात घेतला आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं.

"शंभर टक्के ना? त्रेचाळीस कॉलेजात. ही धरली तर चव्वेचाळिसात त्रेचाळीस, सत्त्याण्णव पॉइंट सात. अंश वाढवायला पोरगी तयार नाही. मग कुणीतरी छेद कमी केला." त्यांनी अर्जाची घडी घातली. "तुम्हा चौघांपैकीच कुणीतरी. कॉम्प्युटरवर हजेरी पुसायची मुभा आणखी कुणाला आहे?"

कुणालाच नव्हती.

३

मधल्या सुट्टीपर्यंत मिस यूलालीने माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून ठाण मांडलं.

"आधी तू. तू केलंस का?"

"बाई, तुम्ही मला सातवीपासून ओळखता."

"म्हणूनच विचारते. सातवीत तू कॉपी केली होतीस."

मी नाही म्हणाले. त्यांनी एक वडी पुढे केली, म्हणजे विश्वास बसला असावा. मग ट्रेनिसच्या आईला फोन लावला. मिस लॉरेन इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला आहेत. मागे यंत्रांचा घरघराट आणि त्यावर त्यांचा आवाज.

"ह्यूस्टन? माझी नणंद राहते तिकडे, आणि त्याच कारणाने मी जाणार नाही," त्या म्हणाल्या. "सही माझी नाही. त्या ऑफिसात मी सप्टेंबरनंतर पाय ठेवलेला नाही. आणि ऐका, शनिवारी माझे वडील बॅटन रूजहून येतायत, चाकाच्या खुर्चीतून. माझ्या घरातलं पहिलं पोर स्टेजवर चढणार आहे. ते कुणी थांबवलं तर मी येईन ऑफिसात, मग घ्या काय सही घ्यायची ती."

मिस यूलालीने समाधानाने फोन ठेवला. मग विचारलं, "शिक्क्यात काही खोट?"

तेव्हा मला आठवलं आणि मी कपाळावर हात मारला. सकाळी उशिरा आलेल्या तीन मुलांच्या चिठ्ठ्यांवर मार्च महिना उमटला होता. मी तारखेची चाकं फिरवून मे आणला होता आणि कामाच्या धबडग्यात विसरूनही गेले होते.

"सोमवारी सकाळी शिक्का बरोबर होता?"

"होता. सोमवारीही पाच जण उशिरा आले होते."

"मग अर्ज मार्चात नाही, काल झाला. काल तू टेबल सोडून कधी उठलीस?"

हे काय विचारणं झालं? सोमवार म्हणजे राजमा-भात. या शहरात सोमवारी राजमा शिजतो, घरी, हॉटेलात, शाळेत, तुरुंगात. दुपारी बारा ते साडेबारा भोजनगृहात अख्खी शाळा असते आणि ऑफिसात फक्त पंखा.

"जेवायला कोण नव्हतं?"

मी आठवत गेले. मिसेस लाकूर दहा मिनिटं उशिरा आल्या होत्या. होल्कम कधीच येत नाहीत, ते आपल्या खोलीत डब्यातलं सॅलड खातात. आणि मिस्टर डुप्लेसी, जे राजम्याचे दोन वाडगे संपवल्याशिवाय उठत नाहीत, ते काल फिरकलेच नव्हते.

मिस यूलाली थेट त्यांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग.

"आल्सिद, काल राजमा सोडून कुठे होतास?"

डुप्लेसींचा चेहरा पडला. "बाई, ते मी सांगू शकत नाही."

"मग मी सांगते, तू काल बारा वाजता क्लॉडेटच्या टेबलाशी होतास."

"होतो," ते म्हणाले.

बाईंनी अंधारात मारलेला दगड बरोबर लागला होता. हा माणूस मला आवडायचा.

"फोनसाठी," ते पुढे म्हणाले. "माझ्या खोलीतून बोललेलं भिंतीपलीकडे होल्कमना ऐकू जातं. युनियनच्या ऑफिसला फोन केला होता. म्हटलं, पोरगी चांगली आहे, तिची जागा राखा. कॉलेज सोडून दुसरीकडे पाठवण्यासाठी समुपदेशक धडपडतो हे कळलं, तर माझी नोकरी जाईल. पाच मिनिटं बोललो आणि मागच्या दाराने बाहेर गेलो. मी होतो तोवर तिथे कुणी आलं नाही."

"हे खरं कशावरून?" मी विचारलं.

"कशावरूनच नाही," मिस यूलाली म्हणाल्या. त्यांनी अर्ज पुन्हा उघडला, तारखेवर बोट ठेवलं आणि एकदम गालात हसल्या. "क्लॉडेट, तुझ्या टेबलावर फोटो आहे ना, तू नाचतेस तो? तो घेऊन ये. आणि सगळ्यांना बोलाव."

४

मिसेस लाकूर यांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. मिस यूलाली उभ्या राहिल्या, परीक्षेच्या हॉलमध्ये राहायच्या तशा. फोटो त्यांनी छातीशी उलटा धरला होता.

"एकच प्रश्न. चार मार्चला, मंगळवारी, सकाळी साडेदहाला ट्रेनिसची आई ऑफिसात आली असं इथे लिहिलंय. त्या वेळी तुम्ही प्रत्येक जण कुठे होतात? होल्कम, तुम्ही पाहुणे. आधी तुम्ही."

होल्कम मोकळेपणाने हसले. "माझं सोपं आहे. मी मिनेसोटात होतो. इथे रुजू झालो एप्रिलच्या शेवटी. त्या दिवशी ऑफिसात तुम्ही तिघंच असणार. मला कुणावर आरोप करायचा नाही, पण सही कुणासमोर झाली ते तुमच्यातल्याच कुणाला तरी माहीत असेल."

मिसेस लाकूर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. डुप्लेसींनी हळूच शीळ घातली. आणि मला माझीच लाज वाटली, कारण सकाळपासून ती तारीख मी दहा वेळा वाचली होती.

मिस यूलालीने फोटो सुलटा करून टेबलावर ठेवला.

"हा त्याच दिवशीचा, साडेदहाचा. हा ट्रेनिसचा सूझाफोन. ही क्लॉडेट, पिसांची टोपी घालून. हा मागे आल्सिद, बँडला पाणी देतोय. आणि शिडीवर बसून मिरवणुकीतून फेकलेल्या मण्यांच्या माळा झेलतायत त्या आमच्या मुख्याध्यापिका."

"हा मार्डी ग्राचा फोटो आहे," होल्कम म्हणाले.

"हो. मार्डी ग्रा."

"पण मार्डी ग्रा फेब्रुवारीत असतो ना?"

"कधी फेब्रुवारीत, कधी मार्चात. ईस्टर सरकतो तसा तोही सरकतो. यंदा चार मार्चला होता." मिस यूलालींचा आवाज एकदम मऊ झाला, वर्गात चुकलेल्या मुलाशी बोलायच्या तसा. "त्या दिवशी या शहरात कुलूप नसलेलं ऑफिस सापडत नाही, बाळा. शाळा तर आठवडाभर बंद होती. आम्ही त्या दिवसाला तारखेने ओळखतच नाही, म्हणून आकडा वाचून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण आमच्यापैकी कुणी खोटा अर्ज करायला बसलं असतं, मार्चचं पान उघडलं असतं, तर बोट त्या मंगळवारवर टेकलंच नसतं. एक एप्रिलच्या आधीचा कुठलाही एक दिवस पाहिजे होता, तो तुम्ही डोळे मिटून उचललात. काल आल्सिद मागच्या दाराने गेल्यावर तुम्ही सॅलड ठेवून पुढच्या दाराने आलात. टेबलावर सुतळीला बांधलेलं पेन होतं, तेच घेतलंत."

होल्कमनी हातातला आलेख टेबलावर पालथा ठेवला.

"तिचं नुकसान होणार नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "प्रौढांच्या केंद्रात परीक्षा देऊन तिला समकक्ष प्रमाणपत्र मिळालं असतं. डिसेंबरपर्यंत. एक ओळ होती हो. एका ओळीसाठी शंभराचे सत्त्याण्णव होत होते."

"तिला ते नऊ जूनला लागतं," डुप्लेसी म्हणाले. "तिने तुम्हाला सांगितलं होतं. माझ्यासमोर."

"मला 'ट्रेनिसचं काहीतरी करा' असं सांगण्यात आलं होतं," होल्कम हळू आवाजात म्हणाले.

आणि आम्ही सगळे मिसेस लाकूर यांच्याकडे वळलो.

५

त्या उठून खिडकीशी गेल्या. बाहेर पाटीची मागची बाजू दिसत होती.

"म्हणाले होते मी," त्या म्हणाल्या. "काहीतरी करा, एवढंच. काय करा ते बोलले नाही. न बोलण्यातच माझी सोय होती." त्यांनी तिथेच ट्रेनिसचा अर्ज फाडला आणि मला म्हणाल्या, "गाऊनचा फोन कर. आणि तिचं नाव परत चढव, हजेरीसकट. एकही दिवस चुकता कामा नये."

मला वाटलं, संपलं. मिस यूलाली मात्र बसल्या. म्हणजे संपलेलं नव्हतं.

"क्लॉडेट, तुझ्या खुर्चीमागे एक लांबलचक फोटो आहे. नववीत आलेल्या मुलांचा, याच तुकडीचा. तू चार वर्षं त्याच्याकडे पाठ करून बसतेस. मी मघाशी मोजला. किती डोकी आहेत?"

मला मोजायची गरज नव्हती. "एक्याऐंशी," मी म्हटलं.

"आणि शनिवारी चढणार चव्वेचाळीस. मग सदतीस जण कुठे गेले? सगळे ह्यूस्टनला?"

काही खरंच गेले होते. घरं बदलली, बापांच्या नोकऱ्या बदलल्या. पण बाकीच्यांना आम्ही पत्रं पाठवली होती, फार गोड भाषेत: आपल्या पाल्याला ही शाळा मानवत नाही असं दिसतं, दुसरीकडे तो अधिक फुलेल. खाली सही मिसेस लाकूर यांची. टाइप केली होती मी, एकेक करून, आणि स्पेलिंगची एक चूक होऊ दिली नव्हती. त्यातला एक मुलगा फाटकासमोरच स्नोबॉलच्या गाडीवर बर्फ किसतो. मला हात करतो. मला वाटायचं, पाटीला हसतोय. तिथे बसल्या बसल्या माझे डोळे भरून आले, ते लपवायला मी वडी तोंडात टाकली.

"येत्या हिवाळ्यात सनदेचं नूतनीकरण आहे, मिस यूलाली," मिसेस लाकूर म्हणाल्या. "खरा आकडा लावला आणि शाळा बंद झाली तर? या चव्वेचाळिसांसारखी पुढची मुलं कुठे जातील? आमचे शिक्षक जीव तोडून शिकवतात, ते खोटं नाही."

"नाही. चव्वेचाळीस पोरं उभी केलीत, ते मी बघतेय. म्हणून तर सांगते, अंश चांगला आहे तुमचा. छेद दाखवायला कशाला घाबरता?"

मिसेस लाकूर यांनी अर्जाचे तुकडे टोपलीत टाकले.

शनिवारी ट्रेनिस स्टेजवर चढली. नावामागे प्रत्येकाचं कॉलेज वाचत होते. तिच्या नावावर मिसेस लाकूर कागदावरून मान वर करून स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "इलेक्ट्रिशियन, युनियनची शिकाऊ." बँडने आपलीच सूझाफोनवाली म्हणून जो काही धुमाकूळ घातला, त्यात पुढची तीन नावं कुणाला ऐकू आली नाहीत. बॅटन रूजचे आजोबा खुर्चीतून अर्धे उठले, आणि मिस लॉरेननी त्यांना खाली बसवता बसवता स्वतःच रडून घेतलं.

होल्कम समारंभाला नव्हते. त्यांनी तोवर राजीनामा दिला होता. जुलैत कळलं की त्यांना दुसरीकडे काम लागलं, ह्यूस्टनला. त्यांच्या फाइलीतला 'राज्याबाहेर गेले' हा रकाना मी माझ्या जांभळ्या पेनाने भरला. या वेळी तो खरा होता.

ऑगस्टमध्ये, शाळा उघडायच्या आठवड्यात, युनियनची गाडी फाटकाशी थांबली. आधी एक ढेरपोट्या मिस्त्री उतरला आणि मागून शिडी घेऊन ट्रेनिस, डोक्यावर पिवळं हेल्मेट. मिसेस लाकूर यांनी पाटीचं काम दिलं होतं. ट्रेनिसने झाकण काढलं, आत डोकं घातलं, बऱ्याच वेळाने बाहेर काढलं.

"मिस क्लॉडेट, नळी शाबूत होती. वायर कुरतडली होती. तुमच्या त्या उंदराने."

तेवढ्यात मिसेस लाकूर एक कागद घेऊन आल्या. स्वतःच्या हाताने लिहिलेला, दोन ठिकाणी खोडलेला. मी वाचला: 'नववीत आले ८१. पदवीधर ४४. कॉलेजात ४३, कामावर १. उरलेल्या ३७ जणांनी ऑफिसात यावं, आम्हाला बोलायचं आहे.'

"सनद?" मी हळूच विचारलं.

"बघू," त्या म्हणाल्या. कागद मात्र त्यांनी परत घेतला नाही.

मी अक्षरांची पेटी आणली. रस्त्यापलीकडे बर्फ किसायचं यंत्र थांबलं होतं आणि तो मुलगा कमरेवर हात ठेवून बघत उभा होता. ट्रेनिसने बटण दाबलं. भर दुपारी, कधी नव्हे ती, पाटी या टोकापासून त्या टोकापर्यंत पेटली.

"आता जपून लिहा हं, मिस क्लॉडेट," ती शिडीवरून म्हणाली. "आता जे लिहाल ते सगळं दिसणार."